फ्रीमॉन्टचा कारखाना : कामगार तेच, पद्धत दुसरी

अमेरिकी मोटारधंदा जपान्यांपुढे का मागे पडला, याची उत्तरं १९८०च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये, म्हणजे त्या धंद्याच्या राजधानीत, तयारच होती. जपानी कामगार स्वस्तात राबतो. त्यांचं सरकार कंपन्यांच्या पाठीशी उभं आहे. येनचा भाव मुद्दाम पाडून ठेवलाय. आणि चौथं उत्तर, जे बहुतेक वेळा दार लावून दिलं जायचं : आपला कामगार माजलाय, युनियनने त्याला डोक्यावर बसवून ठेवलंय.

या उत्तरांची, विशेषतः चौथ्याची, एकदा नीट परीक्षा झाली. जागा कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉन्ट. जनरल मोटर्सने हात टेकून बंद केलेला कारखाना, तिनेच घरी बसवलेले कामगार, तीच युनियन, पगार अमेरिकी, आणि कारभार टोयोटाच्या हातात. १९८४ च्या डिसेंबरपासून २०१० च्या एप्रिलपर्यंत हा कारखाना चालला. नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, आद्याक्षरं जोडून नुम्मी. व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण शिकवतात ते बहुधा टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचं कौतुक म्हणून. मला त्यातला दुसरा धागा जास्त मोलाचा वाटतो. टोयोटाने तिथे कामगारांशी एक सौदा केला होता. तो सौदा जनरल मोटर्सच्या डोळ्यांसमोर पंचवीस वर्षं होता, आणि तरी तिने तो आपल्या घरात कधी आणला नाही.

मोटारीने वसवलेली गावं

शहर म्हणून फ्रीमॉन्ट १९५६ सालचं. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडची सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र करून ते झालं. भोवती फळबागा आणि भाजीचे मळे. जुने मोटार कारखाने ओकलंड, रिचमंड अशा बंदराच्या, दाट वस्तीच्या शहरांत होते. युद्धानंतर कंपन्यांना एकमजली, लांबच लांब असेंब्ली लाइन मावेल एवढी सपाट आणि स्वस्त जमीन हवी होती. कामगार आता स्वतःच्याच मोटारीने येणार म्हटल्यावर कारखाना ट्रामच्या वाटेवर असण्याचीही गरज उरली नव्हती. फोर्डने १९५५ मध्ये रिचमंडचा कारखाना उचलून फ्रीमॉन्टशेजारच्या मिल्पिटसला नेला. जनरल मोटर्सने ओकलंडचा कारखाना आवरता घेऊन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रीमॉन्टचा सुरू केला.

कारखाना हलला की माणसांनी कुठे राहायचं, हा प्रश्न सगळ्यांसाठी सारखा नव्हता. रिचमंडच्या फोर्ड कारखान्यात काळे कामगार बरेच होते. मिल्पिटसच्या आसपास नव्या घरांच्या वसाहती भराभर उठत होत्या, पण त्या गोऱ्यांपुरत्या. काळ्या माणसाला घर विकायचं नाही हा बिल्डरांचा आणि कर्ज देणाऱ्यांचा उघड व्यवहार होता, आणि सरकारच्या गृहकर्ज-हमीचे नियमही त्यालाच धरून होते. शेवटी युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियननेच पुढाकार घेतला आणि बऱ्याच अडथळ्यांनंतर सनीहिल्स ही मिश्र वसाहत उभी राहिली. फोर्डमध्ये काम करणारा बेन ग्रॉस तिथे राहायला आला आणि १९६६ मध्ये मिल्पिटसचा महापौर झाला. कॅलिफोर्नियातल्या अगदी सुरुवातीच्या काळ्या महापौरांपैकी तो एक. मोटारीने अमेरिकी माणसाला मोकळं केलं असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण हमरस्ता आणि कारखाना कुठे नेऊन ठेवायचा हे ठरवणारे ज्यांना वगळत होते, त्यांच्या वाट्याला त्या मोकळेपणातला फक्त रोजचा लांबचा प्रवास आला.

आज फ्रीमॉन्ट आणि मिल्पिटसमध्ये मराठी घरं भरपूर आहेत. ती खरेदीला ज्या ग्रेट मॉलमध्ये जातात, तो फोर्डच्या त्याच जुन्या कारखान्यात १९९४ मध्ये सुरू झाला. फोर्डचा कारखाना १९८३ मध्ये बंद पडला होता. फ्रीमॉन्ट त्याच्याआधी, १९८२ मध्येच.

लाइन थांबवायची नाही

बंद पडण्याआधीच्या फ्रीमॉन्टचं वर्णन तिथल्या कामगारांनीच पुढे मोकळेपणाने केलं आहे. दारू पिऊन कामावर येणं, आवारात जुगार आणि गांजा हे रोजचं. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात. सोमवारी सकाळी तर लाइन सुरू करण्यापुरतीही माणसं जमत नसत. कुणी रागाच्या भरात बोल्ट ढिला सोडायचा. कुणी दाराच्या पत्र्याआड रिकामी बाटली ठेवून द्यायचा, म्हणजे गाडी विकत घेणारा खडखड कुठून येते ते शोधत बसेल. युनियन आणि कंपनी यांच्यातल्या लेखी तक्रारी हजारांनी तुंबलेल्या असत.

हे सगळं खरं होतं, त्यामुळे कामगार बेफिकीर झाला होता हे नाकारायचं कारण नाही. पण त्या बेफिकिरीला खतपाणी कुठून मिळत होतं हे पाहायला हवं. जनरल मोटर्सच्या लाइनवर एक नियम सगळ्यांच्या वर होता : लाइन थांबवायची नाही. फोरमनची कामगिरी शिफ्टमध्ये किती गाड्या बाहेर पडल्या यावर मोजली जायची. एखादा भाग उलटा बसला, दुसऱ्याच मॉडेलचा लागला, तरी गाडी पुढे सरकायची. पुढचा माणूस त्या चुकीवर आपला भाग चढवायचा, त्याच्या पुढचा आणखी एक. शेवटी आवारात अशा गाड्यांची रांग लागायची आणि त्या उस्तरायला वेगळी माणसं नेमलेली असायची. आपण केलेलं काम चुकलंय हे दिसत असताना गप्प राहणं हाच जिथे नियम, तिथे वीस वर्षांत माणसाचं काय होणार? त्यातून कामाचे ऐंशीच्या वर प्रकार ठरवून दिलेले. एका प्रकारच्या माणसाने दुसऱ्या प्रकारच्या कामाला हात लावला की तक्रार. ही तटबंदी युनियनने हट्टाने जपली, कारण फोरमनच्या मर्जीपासून वाचायला दुसरं काही हातात नव्हतं.

१९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईने अमेरिकी गिऱ्हाइकाला लहान गाडीकडे वळवलं आणि तिथे डेट्रॉइटजवळ दाखवायला फारसं काही नव्हतं. १९८० मध्ये जपानने मोटारींच्या उत्पादनात अमेरिकेला मागे टाकलं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने आपल्या मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखून धरायचं कबूल केलं. याचा परिणाम काही वेगळाच झाला. संख्येवर मर्यादा आल्यावर जपानी कंपन्या महागड्या गाड्या पाठवू लागल्या आणि उरलेल्यांसाठी थेट अमेरिकेतच कारखाने बांधू लागल्या. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतल्या मेरीसव्हिलला अकॉर्ड बनवायला घेतली, निसान १९८३ मध्ये टेनेसीत आली.

लहान ट्रकची गोष्ट तर आणखी जुनी. १९६०च्या दशकात युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात लावली म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबड्यांचं भांडण विरलं, कर आजही आहे. पुढे १९९१ मध्ये फ्रीमॉन्टला टोयोटाचे पिकअप बनू लागले, त्यामागे या कराचा मोठा हात होता.

राग कुणावर निघाला

या वर्षांत दोन गोष्टी घडल्या, त्यांना वगळून हे प्रकरण सांगणं मला योग्य वाटत नाही.

पहिली डेट्रॉइटच्या पोलटाउन भागातली. जनरल मोटर्सला नवा कारखाना बांधायचा होता आणि कामं जातील या धास्तीने शहराने १९८१ मध्ये अख्खी वस्ती संपादन करून कंपनीला दिली. चार हजारांवर माणसं उठली. हजाराच्या वर घरं, दुकानं, चर्चं जमीनदोस्त झाली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली, आणि २००४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात तो निकाल चुकीचा होता असं ठरवलं. तोवर पोलटाउन उरलं नव्हतं. त्या जागेवर १९८५ मध्ये जो कारखाना सुरू झाला, तो रोबोंनी भरलेला. जपानला उत्तर यंत्रांनी द्यायचं, असा जनरल मोटर्सचे तेव्हाचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांचा ठाम समज होता आणि त्यासाठी त्यांनी अब्जावधी डॉलर ओतले.

दुसरी १९८२ च्या जूनमधली. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या अमेरिकी तरुणाला दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं. त्यांतला एक क्रायस्लरच्या कारखान्यातला अधिकारी होता, दुसरा त्याचा काम गेलेला सावत्र मुलगा. तुमच्यामुळे आमची कामं जाताहेत, असं भांडणात म्हटलं गेल्याची साक्ष होती. चार दिवसांनी चिन मेला. मारेकऱ्यांना तुरुंग झाला नाही, देखरेखीची शिक्षा आणि तीन हजार डॉलरचा दंड झाला. चिन जपानी नव्हता, आणि असता तरी काय फरक पडला असता? देशाच्या पुढाऱ्यांनी आणि कंपन्यांच्या मालकांनी स्पर्धेची गोष्ट ज्या भाषेत सांगितली होती, तिची किंमत अशी भलत्याच माणसाने मोजली.

अशा वातावरणात, १९८३ च्या फेब्रुवारीत, जनरल मोटर्स आणि टोयोटाने भागीदारी जाहीर केली.

ज्यांना कुणी घेत नव्हतं ते

दोघांचे हिशेब सरळ होते. जनरल मोटर्सला फायद्यात पडेल अशी चांगली लहान गाडी बनवता येत नव्हती. ती आयती मिळणार होती, शिवाय टोयोटा हे सगळं कसं करते ते घरबसल्या पाहायला मिळणार होतं. टोयोटाला अमेरिकी कामगार, अमेरिकी पुरवठादार आणि युनियन यांच्याशी जमतं का हे एकट्याने उडी घेण्याआधी अजमावायचं होतं. जनरल मोटर्सने मुख्यतः बंद कारखाना दिला, टोयोटाने रोकड. क्रायस्लरचे प्रमुख ली आयाकोका यांनी कडाडून विरोध केला आणि त्यांची कंपनी कोर्टात गेली. जगातली पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाची कंपनी एकत्र आली तर स्पर्धा कसली, हा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने १९८४ मध्ये परवानगी दिली ती तीन विरुद्ध दोन मतांनी, आणि अटी घालून.

खरा तिढा माणसांचा होता. जुने कामगार घ्यायला सुरुवातीला कुणीच राजी नव्हतं आणि टोयोटाला तर युनियनच नको होती. माजी कामगारमंत्री विल्यम युसरी यांनी मध्यस्थी केली, युनियनचे प्रादेशिक प्रमुख ब्रूस ली यांनी आपल्या माणसांची बाजू लावून धरली, आणि पहिल्या भरतीत सुमारे ८५ टक्के लोक जुन्या फ्रीमॉन्टचेच आले. त्यांत जुने युनियन पुढारीही होते. निवड झाली, मुलाखती झाल्या, काही गळाले. त्यामुळे हा प्रयोग प्रयोगशाळेइतका शुद्ध होता असं मी म्हणणार नाही. वयाने वाढलेल्या, कामावरून काढल्या गेलेल्या, धंद्यात बदनाम झालेल्या याच लोकांना मात्र नुम्मीने उभं केलं. कंपनीचे पहिले अध्यक्ष तात्सुरो तोयोदा, टोयोटाचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांचे चिरंजीव.

गटप्रमुख म्हणून निवडलेल्यांना तीन-तीन आठवड्यांसाठी जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवलं गेलं. तिथे त्यांनी जपानी कामगाराच्या शेजारी उभं राहून कोरोला जुळवली. वीस वर्षं ज्यांना फोरमनने काही विचारलं नव्हतं, त्यांना तिथे विचारलं जायचं की हे काम आणखी सोपं कसं होईल. पाना वाकडा पडतोय असं सांगितलं तर दुरुस्तीवाला येऊन बघायचा. ही माणसं तिथून परतताना रडली, असं त्यांच्याबरोबर असलेल्यांनी सांगितलंय. ते मला अतिशयोक्तीचं वाटत नाही.

डोक्यावरची दोरी

फ्रीमॉन्टला परत आल्यावर लाइनच्या कडेने, हात वर केला की लागेल अशी एक दोरी गेली होती. तिचं काम असं. समजा एखाद्याचा बोल्ट आटा चुकून अडकला. तो दोरी ओढतो. डोक्यावरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा पिवळा पेटतो आणि एक धून वाजू लागते. गटप्रमुख चार पावलं चालत येतो. गाडी अजून सरकतेच आहे, पण त्या जागेची हद्द जमिनीवर आखलेली असते आणि गाडी ती ओलांडेपर्यंत दोघांना वेळ असतो. तेवढ्यात जमलं तर दोरी पुन्हा ओढायची, धून बंद, कुणाचं काही अडलं नाही. नाही जमलं तर लाइन थांबते. मग तिथे चार माणसं जमतात आणि बोल्ट का अडकला याचा शोध सुरू होतो : भोक चुकलंय, बोल्टचा लॉट खराब आलाय, की ही जागाच अशी आहे की हात नीट पोचत नाही? दोरी ओढणाऱ्याला दटावायचं नाही, उलट आभार मानायचे, असा दंडक होता. सुरुवातीला दोरी ओढायला लोक कचरत. ओढून बघितल्यावर खरंच कुणी ओरडलं नाही, तेव्हा कुठे विश्वास बसला.

जॉन शूक हे अमेरिकी गृहस्थ तेव्हा टोयोटाच्या नोकरीत होते आणि या प्रशिक्षणाच्या तयारीत होते. त्यांचं म्हणणं असं की माणसांची वृत्ती आधी बदलायला जाऊ नये. त्यांच्या हाती वेगळं वागण्याची सोय द्यावी, वृत्ती मागून येते. मला ते पटतं, फक्त त्याला एक जोड द्यावीशी वाटते. ही सोय फुकट आलेली नव्हती. पुरवठादाराकडून माल वेळेवर आणि निर्दोष यायला हवा, आराखडा करणाऱ्या इंजिनियरने लाइनवरच्या माणसाचं ऐकायला हवं, आणि सगळ्यांत आधी, दोष दाखवल्याने आपली भाकरी जाणार नाही याची खात्री हवी. ती खात्री करारात लेखी होती. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगार कपात होणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कापले जातील, बाहेर दिलेली कामं परत आत आणली जातील. त्याच्या बदल्यात युनियनने आपली ऐंशीच्या वर कामांची तटबंदी सोडली. लाइनवर एकच प्रकार उरला, कुशल कारागिरांचे दोन-तीन. साहेबांची वेगळी कँटीन गेली, राखीव पार्किंग गेलं.

याला मी सौदा म्हणतो. दोरी हे त्याचं डोळ्यांना दिसणारं टोक, बाकीचं सगळं कागदावर आणि वागण्यात.

आकडे, आणि त्यांच्यामागचा घाम

गैरहजेरी काही टक्क्यांवर आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या मध्याला केलेली तुलना प्रसिद्ध आहे. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जुळणीला ३१ तास लागत, ताकाओकाला १६, नुम्मीत १९. शंभर गाड्यांमागे जुळणीतले दोष फ्रेमिंगहॅमला १३०, ताकाओकाला ४५ आणि नुम्मीतही ४५. नुम्मीने नेमलेला पहिला अमेरिकी इंजिनियर जॉन क्रॅफसिक पुढे याच संशोधनात सामील झाला, आणि आज जगभर उत्पादनाच्या ज्या पद्धतीला 'लीन' म्हणतात ते नाव त्यानेच १९८८ मध्ये रूढ केलं.

कामगार माजलाय हे उत्तर इथे संपलं. पण नुम्मी म्हणजे स्वर्ग नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. जुन्या कारखान्यात मिनिटातले सुमारे ४५ सेकंद प्रत्यक्ष काम असे, नव्यात ५७. हे फार दमवणारं आहे. मनगटं, खांदे, पाठ यांची दुखणी वाढली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नवं मॉडेल लाइनवर आलं तेव्हा सरकारी सुरक्षा खात्यापर्यंत प्रकरण गेलं. युनियनमध्ये पीपल्स कॉकस नावाचा गट उभा राहिला. व्यवस्थापनाच्या फार जवळ गेल्याचा आरोप त्याने जुन्या पुढाऱ्यांवर ठेवला आणि निवडणुकाही जिंकल्या. तरी जुन्या पद्धतीकडे परत जाऊ, असं या गटाचंही म्हणणं नव्हतं. त्यांची मागणी नव्या पद्धतीत माणसाला श्वास घ्यायला जागा मिळावी, एवढीच होती. मला ती रास्त वाटते.

सौद्याची खरी कसोटी १९८८ मध्ये लागली. नुम्मीत तेव्हा मुख्यतः शेव्हरले नोव्हा बनायची, जनरल मोटर्सच्या बिल्ल्याने विकली जाणारी. गाडी मुळात कोरोलाचीच बहीण, दर्जा उत्तम, आणि तरी विकली जाईना. कारखाना क्षमतेच्या साठ टक्क्यांखाली चालू लागला. अमेरिकी रिवाजाप्रमाणे एक शिफ्ट घरी गेली असती. नुम्मीने कुणालाही काढलं नाही. जादा झालेल्या लोकांना प्रशिक्षणाला बसवलं, लाइनवरच्या अडचणी सोडवायच्या कामाला लावलं. शब्द पाळला गेला हे कामगारांनी पाहिलं, आणि माझ्या मते नुम्मी उभी राहिली ती १९८४ मध्ये नव्हे, तर या वर्षी.

गाडी का विकली गेली नाही, हाही मोठा धडा आहे. नोव्हानंतर जनरल मोटर्सचीच जिओ प्रिझम आली. तीही कोरोलाचंच रूप, त्याच लाइनवर, त्याच हातांनी बनलेली. तरी लोक टोयोटाचा बिल्ला असलेल्या गाडीला जास्त पैसे देत, आणि जुन्या बाजारातही प्रिझमचा भाव कोरोलापेक्षा लवकर उतरे. गिऱ्हाईक मूर्ख नव्हतं. दाराआडच्या बाटल्यांचा खडखडाट त्याने वर्षानुवर्षं ऐकला होता. कारखाना दोन वर्षांत सुधारता येतो, बाजारातली पत तेवढ्यात परत येत नाही.

जनरल मोटर्सने काय नेलं

टोयोटाला हवं होतं ते तिने लगेच उचललं. १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनला तिचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. तिथे युनियन नव्हती.

जनरल मोटर्सने फ्रीमॉन्टला मोजके तरुण व्यवस्थापक पाठवले. ते भारावून परतले आणि कंपनीत विखुरले गेले. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात गट, दोरी, सगळं आणून बघितलं. कामगारांना वाटलं की युनियन फोडायचा हा डाव आहे. फोरमनला लाइन थांबलेली सहन होत नव्हती, कारण त्याचा हिशेब अजून गाड्यांच्या संख्येवरच होता. पुरवठादाराचा भाग बसत नाही म्हणून कळवलं, तर वरून उत्तर यायचं की बसवा. आणि कारखाना बंद होणार ही टांगती तलवार कायम. तो १९९२ मध्ये बंद झालाच. दोरी आणली, पण तिच्यामागचा करार आणला नाही.

हे वाचताना चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कुणालाही आपलं काही आठवेल. कायझन (सतत थोडी थोडी सुधारणा), फाइव्ह एस (जागेची टापटीप), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) हे जपानी पद्धतीतले शब्द आपल्याकडे शॉप फ्लोअरवर रोजचे झालेत, भिंतीवर फलक आहेत, सूचनापेट्या आहेत. आणि त्याच लाइनवर मोठ्या संख्येने कंत्राटी मुलं आहेत, ज्यांची नेमणूक काही महिन्यांची असते. त्यांनी दोष दाखवावा, सुधारणा सुचवावी, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? जनरल मोटर्स स्वतः तळेगावात २००८ मध्ये आली, २०१७ मध्ये तिने भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या अखेरीस उत्पादनही. कामगारांचा हक्काच्या भरपाईसाठीचा लढा त्यानंतर बराच काळ चालला. कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

शेवटची कोरोला

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. एकेकाळी अमेरिकेतल्या निम्म्या बाजारावर तिचं राज्य होतं, ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास आलं होतं. त्याच महिन्यात ती नुम्मीतून बाहेर पडली. टोयोटाने ऑगस्टमध्ये आपणही निघत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या टोयोटाच्या कारखान्यांपैकी युनायटेड ऑटो वर्कर्सशी करार असलेला हा एकटाच. कॅलिफोर्नियात खर्च जास्त, पुरवठादार दूर, भागीदार गेला, ही कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण २००८ नंतरच्या मंदीत टोयोटाने आपल्या टेक्ससमधल्या कामगारांना काम नसतानाही पदरी ठेवलं होतं, आणि पिकअपचं काम फ्रीमॉन्टहून टेक्ससलाच गेलं. पंचवीस वर्षं सौदा पाळणाऱ्या फ्रीमॉन्टच्या माणसांशी टोयोटाने शेवटी तो पाळला नाही, असंच मी म्हणेन. १ एप्रिल २०१० रोजी लाल रंगाची शेवटची कोरोला बाहेर पडली. सुमारे ४,७०० जणांची कामं गेली. खाडीकाठच्या घरांच्या किमती परवडेनात म्हणून त्यांतले बरेच जण डोंगरापलीकडे सॅन होआकिन खोऱ्यात राहत होते आणि आल्टामाँट खिंड ओलांडून रोज कामावर येत होते. घरांच्या बाजाराची पडझड त्या खोऱ्यात देशातल्या सगळ्यांत वाईट पडझडींपैकी एक होती, त्यामुळे अनेकांचं काम आणि घर एकाच वेळी धोक्यात आलं.

मे २०१० मध्ये विजेच्या मोटारी बनवणाऱ्या टेस्लाने ही वास्तू ४ कोटी २० लाख डॉलरला घेतली आणि २०१२ मध्ये तिथून मॉडेल एस बाहेर पडू लागली. २०१८ मध्ये मॉडेल थ्रीच्या लाइनवर रोबोंचा अतिरेक झाला, उत्पादन अडकलं, कारखान्याच्या आवारात तंबू ठोकून माणसांच्या हातांनी चालणारी लाइन उभारावी लागली, आणि यांत्रिकीकरणाचा अतिरेक ही आपली चूक होती, माणसाला कमी लेखलं गेलं, असं इलॉन मस्क यांनी जाहीरपणे मान्य केलं. ज्या वास्तूत रॉजर स्मिथ यांच्या समजुतीला इतकं स्पष्ट उत्तर मिळालं होतं, तिथेच ते पुन्हा शोधावं लागलं. आता तिथे नुम्मीच्या कित्येक पट लोक काम करतात. चिनी विजेच्या गाड्या दाराशी आल्या तेव्हा अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांच्यावर शंभर टक्के जकात लावली. फ्रीमॉन्टच्या कामगारांची युनियन अजून झालेली नाही, आणि नुम्मीच्या १९८५ च्या करारातल्यासारखं कपातीविरुद्धचं लेखी वचनही त्यांच्याजवळ नाही.